गजराची अट

डॉक्टर मुलाणींनी औषधाचं रिकामं खोकं उलटं केलं आणि खिशातल्या पेनानं त्याच्यावर आतडं काढलं. एक रेघ उजव्या बाजूनं वर गेली, पोटावर आडवी झाली आणि डाव्या बाजूनं खाली उतरली. हे मोठं आतडं. त्या चौकटीच्या आत लहान आतड्याची गुंतवळ.

"मावशी, हे सगळं आतून सोललंय," पेन चौकटीवरून फिरवत ते म्हणाले. "शिरेतून स्टिरॉइड देऊन बघितलं, उतार पडला नाही. आतडं फुगत चाललंय. आता ते काढूनच टाकायला पाहिजे."

गजरानं खोक्याकडं बघितलं, मग वरच्या पंख्याकडं.

"नको," ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं तिला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोठं आतडं काढायचं. लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या अंगाला बाहेर आणायचं. त्यावर एक पिशवी बसवायची, संडासाची सोय तिथून होणार. रक्त पडायचं थांबेल, कळा थांबतील, हा आजार संपेल. पुढं तब्येत सुधारली तर लहान आतड्याचीच आतल्या आत पिशवी शिवता येते, मग बाहेरची काढता येते. पण ते पुढचं पुढं.

"नको," गजरा पुन्हा म्हणाली. भाजीवाल्याला नको म्हणावं तशी. आवाज चढवला नाही, डोळ्याला पाणी आणलं नाही.

मी तिला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. "अगं" नाहीतर "मनीषाची आई". आता लिहिताना मात्र नावच येतं.

आमचं तासगावात सायकलचं दुकान. मिरजेचा हा दवाखाना तोपर्यंत आम्हाला घरासारखा झाला होता. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. गल्लीत त्याला रक्ताची आव म्हणत. पहिल्यांदा आम्हीही तेच समजलो. बेलफळाचा मुरांबा झाला, डाळिंबाची साल उगाळून झाली, सुंठ घातलेलं ताक झालं. शेवटी मुलाणी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि गोळ्या चालू केल्या. जोडीला रात्री डाव्या कुशीवर निजून घ्यायचा औषधी एनिमा. त्यावर पुष्कळ दिवस बरे गेले. मग आजार उलटला आणि स्टिरॉइडच्या गोळ्या आल्या. तोंड भाकरीसारखं गोल झालं, झोप उडाली. त्या फार दिवस घेता येत नाहीत म्हणून दुसऱ्या गोळ्या आल्या, त्यांच्यासाठी सारखं रक्त तपासायचं. त्याही पुरल्या नाहीत, तेव्हा सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन आलं. त्यानं ती माणसात आली. साताऱ्याला लेकीकडं जाऊन राहून आली, लग्नात जेवून आली. आणि एके दिवशी तेही चालेना. डॉक्टर म्हणाले, शरीर आता त्या औषधाला ओळखायला लागलंय.

"पाहुणा सारखा यायला लागला की चहा मिळत नाही, तसंच की हे," गजरा म्हणाली होती. डॉक्टर हसले होते.

त्या दिवशी मात्र ते हसत नव्हते. मला त्यांनी व्हरांड्यात नेलं. मी विचारलं, दुसरं एखादं इंजेक्शन नाही का?

"आहेत. पण त्यांना गुण यायला वेळ लागतो आणि मावशींच्या आतड्याकडं वेळ नाही. ते आत फुटलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही. काका, उद्या सकाळपर्यंत त्यांना तयार करा."

मी आत आलो. गजरा पंख्याकडंच बघत होती. मी सांगितलं डॉक्टर काय म्हणाले ते. फुटण्याचंही सांगितलं. तिच्यापासून मी काही लपवत नसे, लपवलेलं तिला कळायचंच.

"ऐकलं," ती म्हणाली. "नको."

दुपारी शेवंता वहिनी आल्या, माझ्या थोरल्या भावाची बायको. गजराला तोंडानं काही द्यायचं नव्हतं, तरी माझ्यासाठी भाकरी आणि घेवडा बांधून आणला होता. त्या येताना दिसल्या तशी गजरानं माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणजे ऑपरेशनचं, पिशवीचं बोलायचं नाही. मी बोललो नाही.

वहिनींनी गल्लीची बातमी आणली होती. पारूआत्या गेल्या. आत्या म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या गुरुजींच्या मंडळी, गुरुजी जाऊनही बरेच दिवस झाले होते.

"तू नव्हतीस गजरे, मग आंघोळीला मलाच पुढं व्हावं लागलं," वहिनी म्हणाल्या.

हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं बाईमाणूस गेलं की शेजारच्या बाया मिळून तिला आंघोळ घालतात, लुगडं नेसवतात. पुरुष बाहेर थांबतात. सगळ्या बाया जमल्या तरी हात लावायला एक धीराची लागते. आमच्या गल्लीत ती गजरा होती. माझ्या आईबरोबर जाऊन जाऊन ती शिकली. कुणाकडं गेलं की गजराकाकूला बोलवा. ती जायची, घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यायची आणि उंबऱ्यात बसून चहा प्यायची. काही बोलायची नाही. मीही विचारायचो नाही.

वहिनींनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. पारूआत्याच्या पाठीवर म्हणे डाग होते. जुने, चटक्यांचे. खांद्यापासून कमरेपर्यंत. एवढे देवमाणूस गुरुजी, बघ आता. सगळी गल्ली तेच बोलतीय. गुरुजींच्या धाकट्या सुनेला तर तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

गजरानं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली.

"आक्का," ती म्हणाली, "तिनं जन्मभर झाकलं. तुम्ही राख निवायच्या आत उघडं केलं."

"मी कशाला करतीय? चौघीजणी होतो आत."

"तेच म्हणतीय."

वहिनींना राग आला. डबा घेऊन त्या पाचच्या गाडीनं जायला निघाल्या. गजरा भिंतीकडं तोंड करून पडली. कळ आली की पाय पोटाशी घ्यायची, गेली की सोडायची.

मग रूथ सिस्टर आल्या. पोटावर पिशवी बसवलेल्या माणसांचं सगळं त्याच बघायच्या. उंच बाई, बोलणं मिरजेचं, चालणं पळाल्यासारखं. त्यांच्या हातात एक पिशवी होती, फिकट कातडीच्या रंगाची. त्यांनी ती गजराच्या हातात दिली. गजरानं घेतली आणि माझ्याकडं सरकवली.

"बघा काका तुम्हीच," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी ती आपल्याच मनगटावर लावून दाखवली. मधलं भोक मापानं कापायचं. कातडी कोमट पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, मागचा कागद सोलायचा, चिकटवायचं.

"पंक्चरचंच आहे की," मी म्हणालो. "ट्यूब कोरडी पाहिजे, कड उचलली नाही पाहिजे, सोल्यूशननं धरेपर्यंत दाबून ठेवायचं."

"अगदी तसंच. फक्त इथं पॉलिश पेपरनं घासायचं नाही हं काका."

गजराला हसू आलं. पोट दुखलं म्हणून तिनं ते आवरलं. "म्हणजे मी ट्यूब," ती म्हणाली.

"आणि दाबून ठेवायचं म्हणजे जोर नाही द्यायचा," सिस्टर पुढं म्हणाल्या. "तळहात नुसता ठेवायचा आणि थांबायचं. हे अंगाच्या उबेनं धरतं."

त्यांनी माझा हात घेऊन आपल्या मनगटावरच्या पिशवीवर ठेवला आणि किती थांबायचं ते दाखवलं. मला वाटलं, आता जमलं. गजरा हसली म्हणजे अर्धं काम झालं. साडीची काळजी असेल तर तीही मिटवू, असं म्हणून सिस्टर सांगायला लागल्या. साडीच्या आत काही दिसत नाही, वास येत नाही. एक बाई शाळेत शिकवते, एक भात लावते.

गजरानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही पिशवी पार शेवटापर्यंत राहणार का?"

"तसं नाही मावशी. पुढं आतली पिशवी केली तर ही निघते."

"आणि ते करायच्या आधीच मी मेले तर?"

"असं कशाला बोलता? ऑपरेशन चांगलं होईल."

"ऑपरेशनात न्हाई. पुढं कधी. माणूस मरतंच की. तेव्हा ही अंगावर असंल का?"

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मलाही कळलं नाही ती काय विचारते. सिस्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, भिऊ नका म्हणाल्या, आणि दुसऱ्या पलंगाकडं गेल्या. गजरानं पुन्हा भिंत धरली.

उन्हं उतरली. मनीषाचा साताऱ्याहून फोन आला, ती सकाळच्या पहिल्या गाडीनं निघणार होती. आईला फोन द्या म्हणाली. गजरानं फोन कानाला लावला. तिकडून लेक रडत होती ते मलाही ऐकू येत होतं. "गप," गजरा म्हणाली, "पोरांना जेवाय घाल," आणि फोन माझ्याकडं दिला.

मी कापूस पाण्यात बुडवून तिच्या ओठांवरून फिरवत होतो. ओठांची सालं निघाली होती.

"पडदा ओढा," ती म्हणाली.

मी पलंगाभोवतीचा हिरवा पडदा ओढला.

"तुम्हाला वाटतंय मी सुरीला भ्याले."

"मग कशाला भ्यालीस?"

"मनीषाच्या येळंला काय कमी फाडलं होतं का. सुरीचं काय न्हाई." तिनं दम खाल्ला. "अवं, मी किती बायांना पाणी घातलं असंल?"

"मी कुठं मोजलं?"

"मीबी न्हाई. पण एकेकीचं अंग आठवतं. कुणाच्या मांडीवर काय, कुणाच्या छातीला काय. नवऱ्यालाबी ठाऊक नसल असलं. पारूआत्याची पाठ मला ठाऊक होती. तिच्या लेकीच्या बाळंतपणात एकदा दिसली. मी कधी वाचा फोडली न्हाई. पण माझ्यासंगं आत बाया असत्यात, त्यांची तोंडं मला धरता आली न्हाईत. बाहेर आल्या की पदर खोचायच्या आत बोलणं सुरू."

ती थांबली. कळ आली होती. मी तिचा हात धरून बसलो. गेली तशी ती पुन्हा बोलायला लागली, आणखी हळू.

"आता माझी पाळी यील तवा कोण पाणी घालंल? आक्का घालंल. संगट चौघीजणी असतील. परकर सोडतील आन् पोटाला ही पिशवी. मग दहाव्यापातुर गल्लीला दुसरा इषय न्हाई. गजराचं असं होतं आन् गजराचं तसं होतं. जित्तेपणी मी कुणालाबी उत्तर दीन हो. पण तवा मला उठून परकर बांधता यायचा न्हाई."

पडद्यापलीकडं कुणीतरी ताटं गोळा करत होतं. दिवसभर डॉक्टरांनी, सिस्टरनी, मी तिला जगायचं कसं ते समजावत होतो. ती त्याच्याही पुढं जाऊन बसली होती.

"मग मी घालीन," मी म्हणालो.

"काय?"

"आंघोळ. तुझी मी घालीन. कुणाला आत येऊ देणार नाही."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "बापय माणूस?"

"बापय माणसाला पाणी ओतता येत नाही का?"

"लोक हसतील."

"हसू देत. हसणाऱ्यांच्या सायकली माझ्याकडंच येतात."

ती म्हणाली, "आन् तुमीच आधी गेलात तर?"

"तू वडाला दरसाल काय मागतेस?"

"सात जन्म हाच नवरा दे."

"आणि?"

"आन् कुकवानं जाऊ दे."

"मग? इतकी वर्षं सूत गुंडाळलंस, वडावर भरोसा नाही? तू कुंकवानं जाणार म्हणजे मी मागं राहणारच की. कुणीतरी मागं राहिल्याशिवाय ते जमतंय कुठं?"

ती हसली. आवरलं नाही तिनं या वेळी, दुखलं तरी. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मी त्याच कापसानं पुसलं.

"तरी शब्द द्या," ती म्हणाली.

मी तिच्या हातावर हात ठेवला.

"आक्का रडाय लागल्या, भांडाय लागल्या, तरी?"

"तरी."

"मनीषालाबी न्हाई. लेकीनं आईचं असलं बघू ने."

"बरं."

"पाणी कढत घालू नका. मला सोसत न्हाई."

"कोमट घालीन."

ती उशीला टेकली. तोंडावरची ओढ गेल्यासारखी दिसली, की पडद्याच्या हिरव्या उजेडानं मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

"मग बोलवा त्या मुलाणी डॉक्टरला," ती म्हणाली. "सकाळची वाट कशाला बघताय?"

डॉक्टर आले, ऑपरेशनच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कसं तयार केलंत? मी म्हणालो, तीच झाली तयार.

सकाळी रूथ सिस्टरनी तिला घरची साडी नेसायला लावली, रोज नेसते तशी. मग आधार देऊन बसवलं, थोडं वाकवलं, पुन्हा बसवलं. परकराच्या नाडीचा वर्षानुवर्षांचा काळा पट्टा तिच्या कमरेवर होता. सिस्टरनी तो बघून त्याच्या खाली पेनानं फुली मारली. म्हणजे पिशवी तिथं बसेल आणि नाडी बरोबर वर येईल.

"कासारणीनं बांगडीचं माप घ्यावं तसं घेतलंसा," गजरा म्हणाली. तिला आत नेलं तेव्हा मनीषा येऊन पोचली होती.

ती वाचली. रक्त पडायचं थांबलं. पंधरवड्यातच ती भात मागायला लागली, आणि थंडीपर्यंत अंगावर मूठभर मांस आलं. गल्लीत आम्ही एवढंच सांगितलं की आतडं काढलं. मनीषाला पिशवीचं माहीत होतं, पण तिलाही गजरानं कधी दाखवली नाही. रोजची पिशवी ती आपली आपण रिकामी करायची. नवी बसवायची मात्र मीच. दुकान उघडायच्या आधी, देवघराच्या शेजारच्या खोलीत, कडी लावून. बाहेर आणलेल्या आतड्याचं ते तोंड तांबडं असतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला दुखत नाही. मी धुवायचो, टिपायचो, चिकटवायचो आणि हात ठेवून थांबायचो. त्या वेळात आमचं बोलणं व्हायचं. कुणाकडं काय द्यायचं, मनीषाचा नवरा असा का वागतो, यंदा पापड करायचे का. दिवसात मग बोलायला फुरसत नसायची.

मुलाणी डॉक्टरांनी पुढं एकदा विचारलं, तब्येत चांगली आहे, आता आतली पिशवी करू या का? आणखी ऑपरेशनं लागतील, पण ही बाहेरची जाईल. सोसेल तर करावं, सक्ती नाही. गजरा मला म्हणाली, तुम्ही काय म्हणता? मी म्हणालो, पोट तुझं. तिनं दोन दिवस विचार केला आणि डॉक्टरांना सांगितलं, राहू द्या, बरी आहे मी. आणि यांच्या हाताला सकाळचं काम पाहिजे.

गल्लीत कुणी गेलं की ती पुन्हा जायला लागली. फरक एवढाच, आता ती आत गर्दी होऊ द्यायची नाही. मेलेल्या बाईची लेक नाहीतर सून, एकटी. बाकीच्यांना दाराबाहेर. बाया कुरकुरायच्या, पण तिच्यासारखे हात दुसरीचे नव्हते.

गेल्या माघात ती अंगण झाडून पायरीवर बसली आणि तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, हृदय. आतड्याचा काही संबंध नाही. मनीषा आली, भावकी आली. अंगणात तीन दगडांवर पाणी ठेवलं. वडानं तिचं ऐकलं होतं, ती कुंकवानं गेली. बायांनी हिरवं लुगडं आणलं, ओटीचं आणलं. शेवंता वहिनी आता वाकल्या होत्या, तरी त्यांनीच पदर खोचला.

मी न्हाणीच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, आंघोळ मी घालणार.

कुणाला वाटलं मला भ्रम झाला. एक म्हातारा म्हणाला, असं कुठं असतं का. मनीषा नुसती बघत राहिली.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "बायकांचं काम आहे हे. व्हा बाजूला."

"वहिनी, मी तिला शब्द दिलाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. काय वाटलं त्यांना कोण जाणे. पारूआत्याची आठवण झाली असेल, नसेलही. त्या वळल्या, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि जमलेल्या बायांना म्हणाल्या, "मागं सरा सगळ्याजणी." मग मला हळूच म्हणाल्या, "पाणी मी देते आणून."

"कोमट द्या," मी म्हणालो.

मी कडी लावली. कोपर बुडवून पाणी बघितलं. तिला आंघोळ घातली, केसांना पाणी घातलं, पाठ धुतली. जुनी पिशवी काढली. ते तांबडं तोंड फिकं पडलं होतं. कातडी धुतली, टिपली, घासली नाही. मग फडताळातून आधीच आणून ठेवलेली नवी पिशवी काढली. गेलेल्या माणसाला नवी कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. लुगडं नवं होतं, ते खराब व्हायला नको होतं. मी माप कापलं, कागद सोलला, चिकटवली. तळहात ठेवला.

अंग गार होतं. कड उचलून येत होती. मी हात पुन्हा नीट ठेवला, दुसरा त्याच्यावर ठेवला, आणि बसून राहिलो.

"झालं का, भावजी?" वहिनींनी बाहेरून विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो. "अजून धरलं नाही."